गाळलेलं कडवं

परवा पुसेगावात जयंतीच्या मिरवणुकीत आमचंच गाणं वाजलं, आणि तापलेल्या टेपचा वास नाकात दाटला.

सेनगावच्या एका खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, आम्ही ते कॅसेटवर उतरवलं होतं. गाणं मामांनी लिहिलेलं, गायला दुसरा, मशीनवर मी. टेप संपत आली तसं मी शेवटचं कडवं गाळायला लावलं. लिहिणाऱ्याचं नाव त्याच कडव्यात गुंफलेलं असतं, हे मला ठाऊक होतं.

कोपऱ्यात घामानं भिजलेले मामा हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. गाणं तर निघून राहिलं ना."

तेव्हा मला तो होकार वाटला.

मामा आता नाहीत. मिरवणुकीत शेजारच्या बाईंना विचारलं, "कोणी लिहिलं हे?"

"कोणी न्हाई, भाऊ. पयल्यापासूनच हाय."