स्टेपनीदादा

आमच्या भाड्याच्या गाड्यांच्या ऑफिसात दादांना सगळे स्टेपनीदादा म्हणत, कारण परत आलेल्या प्रत्येक गाडीची डिकी उघडून ते स्टेपनी उचलून बघत. नुसती बघत नसत, उचलत. एकदा स्टेपनी चोरीला गेलेली गाडी कुणी न बघता तशीच दिली गेली आणि लहान मुलांसह एक कुटुंब सीमेपलीकडे दोन दिवस अडकलं, तेव्हापासूनची ही सवय. तपासणीच्या फॉर्मवर तसा रकानाच त्यांनी घालून घेतला होता: ‘स्टेपनी उचलून पाहिली’. पुढे ‘होय’ आणि खाली दादांची सही.

माझं काम पत्रं द्यायचं. राज्याबाहेर गाडी न्यायची तर एक पत्र, देशाबाहेर न्यायची तर दुसरं, आणि त्याला दादांचा फॉर्म जोडलेला. त्याशिवाय नाक्यावर गाडी सोडत नाहीत. मी घाईची बाई, दादा ताकही फुंकून पिणारे. दिवसातून दोनदा तरी आमची जुंपायची.

बायको गेल्यावर दादांना जवळचं माणूस म्हणजे धाकटी बहीण. आईवडिलांमागं तिला त्यांनीच वाढवलं. तिची मुलगी सीमेपलीकडे बाळंत झाली होती आणि बहीण नवऱ्यासोबत नातीला बघायला निघणार होती. दादा आठवडाभर हवेत होते. त्याच हवेत त्यांनी जड टायर एकट्यानं हलवला आणि पाठीत उसण भरली.

त्याच दुपारी टोपीवाला आला. हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. दर महिन्याला पांढरी गाडी न्यायचा, पत्रं दोन्ही घ्यायचा. या वेळी सकाळी नेलेली गाडी दुपारीच परत.

“नाक्यावर फार रांग होती,” तो म्हणाला. “उद्या पुन्हा जाईन. हीच गाडी ठेवा हं, दुसरी नको.”

दादा कमरेवर हात ठेवून डिकीपाशी उभे राहिले. वाकायला गेले आणि कळवळले.

“अहो, एक दिवस नाही उचललं तर काय आभाळ कोसळणार आहे?” मी म्हटलं. त्यांच्या हातातून फॉर्म घेतला, ‘होय’ मीच लिहिलं आणि पेन पुढं केलं. त्यांनी सही केली. मला अजून आठवतं, त्यांना ते आवडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहीण आणि तिचा नवरा आले, तर त्यांच्यासाठी ठेवलेली करडी गाडी गॅरेजमधून आलीच नव्हती. मी त्यांना पांढरी दिली. टोपीवाल्याला काय, कुठलीही चालेल, असा माझा हिशेब. बहिणीनं बाळाची टोपडी मागच्या सीटवर नीट मांडली आणि हात हलवत गेली.

टोपीवाला दहाला आला. गाडी गेली म्हटल्यावर त्याचं तोंड पांढरंफटक पडलं.

“कोणत्या नाक्याकडे?”

मी सांगितलं. करडी गाडी आता आली आहे, ती न्या म्हटलं.

“स्टेपनी बदललीत का तिची?” त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता. माझं उत्तर न ऐकताच तो निघून गेला.

दादा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं होतं. ते फोन लावू लागले. लागेना. पुन्हा लावला, पुन्हा.

साडेअकराला लागला. त्यांनी स्पीकर चालू केला.

“दादा, अरे किती फोन!” बहीण हसत होती. “राज्याचा नाका केव्हाच मागं पडला. आता देशाच्या नाक्यावर आहोत. डिकी उघडायला लावलीय. स्टेपनी काढायला दोघं लागले बघ, केवढी जड! ह्यांना आत बोलावलंय.”

“तू काही बोललीस का त्यांच्याशी?”

“बोलले ना. म्हटलं, काळजीच नको, आमचा दादा प्रत्येक चाक स्वतः उचलून बघतो. कागदावर सही आहे त्याची. ते म्हणाले, मग तुम्हीपण आत या. थांब हं, फोन मागतायत...”

त्यानंतर फोन बंद लागत राहिला.

दादांनी करड्या गाडीची डिकी उघडून दात आवळून स्टेपनी उचलली, खाली ठेवली आणि माझ्या टेबलाशी आले.

“पत्र लिही, माझ्या नावानं. दोन्ही.”

“दादा, तुम्हाला आत घालतील.”

“चाक मी उचललं नव्हतं, हे तिथं कुणीतरी सांगायला नको? ती तर मी उचललं म्हणून शपथा घेत बसली असेल.” त्यांनी करड्या गाडीच्या फॉर्मवर स्वतःच्या हातानं ‘होय’ लिहिलं. “तुझं नाव नाही घेणार मी, पोरी. सही माझी आहे.”

घ्या माझं नाव, एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घालून दोन्ही पत्रांवर शिक्के मारले.