तिकीटमास्तरांनी सोडलेल्या दोन जागा

तिकीटमास्तर माणूस वाईट नव्हते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढचं सगळं ऐकून तुमचं मत तसं होण्याची शक्यता बरीच आहे.

तीस वर्षं ते एका जुन्या नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसले. समोर खुर्च्यांचा छापील नकाशा, ज्याला त्या धंद्यात प्लॅन म्हणतात, आणि हातात निळी पेन्सिल. गिऱ्हाईक यायचं, जाळीला नाक लावून म्हणायचं, "जरा चांगली जागा द्या हो." मास्तर तोंडभर हसायचे आणि त्याला अकरावी रांग द्यायचे. पाचव्या रांगेतल्या मधल्या खुर्च्यांवर तर सकाळपासूनच निळ्या फुल्या असायच्या. त्या विकल्या गेलेल्या नसायच्या. त्या ठेवलेल्या असायच्या. मालकांच्या व्याह्यांसाठी, चौकीतल्या साहेबांसाठी, कधी नटाच्या सासूसाठी. पडदा वर जायला पंधरा मिनिटं उरली आणि व्याही फिरकले नाहीत, की मास्तर फुली खोडायचे आणि दाराशी ताटकळलेल्या एखाद्या नशीबवानाला ती खुर्ची मिळायची.

शिवाय त्या नाट्यगृहात दोन जाड खांब होते. खांबामागच्या खुर्च्याही खपवाव्या लागत. त्या विकताना मास्तर खिडकीतून पुढे वाकायचे, आवाज खाली आणायचे आणि म्हणायचे, "सोन्यासारख्या जागा आहेत. कुणाला सांगू नका." गिऱ्हाईक उपकृत होऊन जायचं आणि अडीच तास खांब बघून यायचं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. निवृत्त झाल्यावरही मास्तरांना जगात जे काही समोर केलं जाई ते खांबामागचंच वाटायचं. भाजीवाल्याने वरचे टोमॅटो उचलले की ते म्हणत, "खालचे द्या." भाजीवाला काही दिवस बघत राहिला आणि मग त्याने नासके खाली ठेवायला सुरुवात केली. डॉक्टरांनी "तुम्हाला काहीही झालेलं नाही" म्हटलं, तेव्हा मास्तर धसका घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. जावई मुलीला बघायला आला आणि आपल्याला कसलंही व्यसन नाही म्हणाला, तर मास्तर पंधरा दिवस त्याच्या मागावर. तो रोज संध्याकाळी ग्रंथालयात जातो एवढंच निघालं. मास्तर म्हणाले, "रोज? काहीतरी पाणी मुरतंय."

मास्तरांची बायको, म्हणजे मास्तरीणबाई, एका शाळेच्या कचेरीत टंकलेखन करायच्या. नासके टोमॅटो त्या मुकाट्याने चिरून वाईट भाग टाकून द्यायच्या. नवं नाटक लागलं की पहिल्या रविवारी पाचव्या रांगेतली एक खुर्ची त्यांच्यासाठी ठरलेली असे. एकच. मास्तरांना खिडकी सोडता यायची नाही. त्यामुळे तीस वर्षांतलं प्रत्येक नाटक बाईंनी कुणातरी परक्या माणसाशेजारी बसून पाहिलं. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नव्हती, आणि तक्रार नाही म्हणजे दुःख नाही असं मास्तरांनी बिनदिक्कत धरून चाललं होतं. गंमत बघा, सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाला हा एक संशय कधी आला नाही.

मग सातासमुद्रापार राहणाऱ्या लेकीने दोघांना बोलावलं. विमानप्रवास चौदा तासांचा, तोही पहिलाच. बाईंची पाचावर धारण बसली. जिना चढतानाही कठडा धरणारी बाई ती. पण नातवाला बघायचं होतं. तेव्हा त्यांनी जन्मात पहिल्यांदा एक अट घातली.

"अहो, खुर्ची कसलीही असू दे. पण शेजारी तुम्ही हवेत. विमान वर जाताना मला कुणाचा तरी हात धरावा लागणार, आणि तो परक्याचा नको मला."

"एवढंच ना?" मास्तर म्हणाले. "अगं, जागा मिळवण्यात माझी हयात गेलीय."

लेक आईला ओळखून होती. तिने जागा आधीच निवडून ठेवल्या होत्या. विमानाचं अंग शेपटाकडे निमुळतं होतं, आणि तिथे कडेच्या तीन खुर्च्यांऐवजी दोनच बसतात. त्यातल्याच दोन. ती फोनवर म्हणाली, "आई खिडकीशी, बाबा बाजूला. तिसरं कुणी नाही. कुणाला ओलांडून जायला नको, काही नको." बाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी तो फोन दोनदा शेजारणीला सांगितला.

मास्तरांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून विमानाचा नकाशा छापून आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला आणि चष्मा पुसून कामाला लागले. पंखावरच्या रांगा बाद, खाली काही दिसत नाही. स्वयंपाकघरालगतच्या बाद, भांड्यांचा खडखडाट. एका रांगेला खिडकीच्या जागी नुसतीच भिंत होती, ती त्यांनी बरोबर पकडली आणि स्वतःवरच खूश झाले. काही खुर्च्यांखाली पाय ठेवायच्या जागी यंत्राचा डबा असतो हेही त्यांनी शोधून काढलं. लेकीने घेतलेल्या दोन जागा मात्र सगळ्या कसोट्यांना उतरत होत्या. तिथेच त्यांना खटकलं. एवढ्या चांगल्या जागा इतके दिवस शिल्लक कशा राहिल्या?

खालच्या मजल्यावर विमानाची तिकिटं काढून देणारा एजंट राहायचा. मास्तरांनी त्याला नकाशा दाखवला. त्याने बघितलं, जिन्यात इकडेतिकडे नजर टाकली आणि हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, सोन्यासारख्या जागा आहेत या. कुणाला सांगू नका."

मास्तरांच्या अंगावर सर्रकन काटा आला. हे वाक्य त्यांचं होतं! हजार वेळा वापरून गुळगुळीत झालेलं, खांबामागचं वाक्य.

बिचारा एजंट खरंच सांगत होता. पण मास्तरांचं ठरलं. घरी येऊन त्यांनी नकाशा पुन्हा पाहिला. सगळ्यात पुढच्या रांगेतल्या चार खुर्च्या राखाडी रंगाच्या होत्या. पुढे पाय पसरायला ऐसपैस जागा आणि त्या म्हणे निवडता येत नाहीत. राखाडी म्हणजे काय, हे जन्मभर निळ्या फुल्या मारलेल्या माणसाला सांगायला नको. त्या ठेवलेल्या होत्या. शेवटच्या घटकेला सुटणार होत्या. आणि त्या वेळी ज्याच्या हातात दुसरी जागा नसेल त्यालाच त्या मिळणार, हा हिशेबही त्यांनी आपल्या दाराशी ताटकळणाऱ्या गिऱ्हाइकांवरून बांधला.

बाई बाजारात गेल्या होत्या. मास्तरांनी विमान कंपनीला फोन लावून त्या दोन जागा सोडून दिल्या.

"सर, नक्की सोडायच्या ना?" पलीकडची मुलगी म्हणाली. "एकत्र दोन जागा पुन्हा मिळतीलच असं नाही."

"घाबरवू नका," मास्तर म्हणाले. "मीही खिडकीत बसलोय."

दुसऱ्या दिवशी त्या दोन जागा भरलेल्या दिसल्या. कुणीतरी फसलं, असं म्हणून मास्तरांनी हळहळ व्यक्त केली. इतक्या लवकर कशा गेल्या, हा प्रश्न मनात डोकावला होता, पण त्याला त्यांनी आत घेतलं नाही. बाईंना यातलं अवाक्षर सांगितलं नाही. आधी सांगितलं की मजा जाते, अशी स्वतःची समजूत घातली.

विमान सकाळचं होतं. बाई पहाटेपासून तयार होऊन सामानाशेजारी बसून होत्या, आणि मास्तर मुद्दाम वेळ काढत होते. आधी चप्पल सापडेना, मग नळ बंद केलाय का ते पुन्हा बघायला गेले. पडदा वर जायला पंधरा मिनिटं उरली की फुली खोडतात, हे त्यांच्या हाडात भिनलेलं. विमानतळावर पोचले तेव्हा काउंटर बंद व्हायच्या बेतात होतं.

"बोला," मास्तर काउंटरवर कोपर टेकून, ओळखीचं हसू आणून म्हणाले, "पुढच्या रांगेतल्या ठेवलेल्या जागा आता सुटल्या असतील."

काउंटरवरच्या बाईंनी चकित होऊन वर पाहिलं. "तुम्हाला कसं कळलं? सुटल्या ना. अर्ध्या तासापूर्वी दिल्या. तान्ही बाळं घेऊन आलेली दोन कुटुंबं होती, त्यांच्यासाठी ती रांग ठेवतो आम्ही. भिंतीला पाळणा लागतो तिथे."

म्हणजे मास्तरांचा तर्क शंभर टक्के बरोबर निघाला, आणि त्याचा दमडीचा उपयोग झाला नाही.

"मग आम्हाला?"

"दोन वेगवेगळ्या मधल्या जागा उरल्यात. पण..." काउंटरवरच्या बाई संगणकाच्या पडद्याकडे बघत थबकल्या. "तुमच्या नावावर तर दोन जोडीच्या जागा होत्या की. तुम्हीच फोन करून सोडल्यात."

मास्तरीणबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मास्तर सामानाच्या पट्ट्याकडे बघत होते.

"लेकीने घेतलेल्या जागा सोडल्यात?" बाईंनी विचारलं.

"चांगल्या मिळणार होत्या अगं. तुझ्यासाठीच."

बाईंनी हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालायला लागल्या. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागणाऱ्याच्या बायकोने दुसरं काय करायचं?

विमानात बाईंची खुर्ची मधल्या भागात, अगदी शेवटच्या रांगेत, मागे स्वच्छतागृहाची भिंत. एका बाजूला एक वयस्क शिक्षिका, दुसऱ्या बाजूला, वाटेच्या कडेला, पंचविशीतली एक मुलगी. मास्तरांची जागा पाच रांगा पुढे, दोन धिप्पाड पुरुषांच्या मध्ये. मास्तर बाईंना बसवायला मागे आले. बाईंनी पट्टा आवळला होता आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. ते हात बघताच आपण चुकलो, हे मास्तरांना स्वच्छ कळलं होतं.

तेवढ्यात ती मुलगी उठली. "काका, तुम्ही बसा इथे. मी तुमच्या जागेवर जाते."

आता एखाद्याने देवाचे आभार मानून बूड टेकलं असतं. मास्तर म्हणाले, "का?"

"म्हणजे?"

"तुमची कडेची, माझी मधली. कडेची सोडून मधली कोण घेतं?"

मुलगी हसली. "काकू सांगत होत्या ना, तुम्ही दोघं एकत्र बसणार होतात."

पण ही हसली कशाला? मास्तरांनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. मागे भिंत. त्यांनी हँडलवरचं बटण दाबून पाठ रेटून पाहिली, एकदा, दोनदा.

"हे बघा! मागे जातच नाही. चौदा तास ताठ बसायचं. म्हणून देताय होय!"

ते जिंकल्याच्या सुरात बोलले. आजूबाजूच्या दोन-तीन माना वळल्या. मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"काकूंचीही जात नाही," ती म्हणाली.

मास्तरांचा हात बटणावरच राहिला. मास्तरीणबाई त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी मुलीच्या मनगटाला धरून तिला खाली बसवलं.

"बस गं तू. त्यांचं तपासून व्हायचंय अजून."

हवाईसुंदरी येऊन म्हणाली, जागेवर चला, विमान निघतंय. मास्तर दोन धिप्पाड पुरुषांच्या मध्ये जाऊन बसले. विमान धावलं, उचललं गेलं, कानात दडे बसले. त्यांनी मान वळवून बघायचा प्रयत्न केला, पण मधल्या पाच पाठींपलीकडे काही दिसेना. त्यांची खुर्ची मात्र छान मागे जात होती.

पट्ट्यांचा दिवा विझल्याबरोबर ते शेजाऱ्याचे गुडघे ओलांडून मागे धावले. बाईंनी पायांतल्या चपला काढून ठेवल्या होत्या. शिक्षिकाबाई काहीतरी सांगत होत्या आणि बाई हसत होत्या. त्यांचा डावा हात अजून त्या मुलीच्या हातात होता.

"घाबरलीस का गं?" मास्तरांनी विचारलं.

"घाबरले होते. हिने हात धरला."

"मी चुकलो," मास्तर म्हणाले. हे दोन शब्द त्यांनी याआधी कधी उच्चारल्याची घरात नोंद नव्हती. मग ते मुलीकडे वळले. "तुम्ही मघाशी म्हणालात ना, ती जागा... मी बसतो. मागे नाही गेली तरी चालेल."

मुलगी उठायला लागली, पण बाईंनी मानेनेच नको म्हटलं.

"राहू द्या. मी बरी आहे इथे."

मास्तरांनी बायकोच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. राग असता तर चाललं असतं. रागावर काय करायचं ते ठाऊक होतं, चार दिवस नीट वागलं की तो उतरतो. टोमणा असता तर सोसला असता. त्यांनी डोळे बघितले, कपाळ बघितलं, ओठांचे कोपरे बघितले. गिऱ्हाइकांचे चेहरे वाचण्यात आयुष्य काढलेला माणूस तो, इतक्या जवळून चुकणार नव्हता.

"खरंच बरी आहेस?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"खरंच," बाई म्हणाल्या, आणि शिक्षिकाबाईंकडे वळून "हं, मग काय झालं?" असं विचारलं.

त्या खरं बोलत होत्या. मास्तर वाटेत उभे राहिले. समोरचं माणूस खोटं बोलत असलं तर बरं, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा मनापासून वाटत होतं.