काठोकाठ भरलेल्या बरण्या

"फागूलाल स्पिरिट प्यायला, एवढंच लिहून दे. पोलिसांचं मी पाहतो," पाटणकरसाहेब म्हणाले. टेबलावरच्या लहान स्टोव्हवर त्यांचा चहा उकळत होता.

महायुद्धाचे दिवस होते. बॉम्बच्या भीतीने किनाऱ्यावरच्या एका संग्रहालयाने आपले नमुने जबलपूरला हलवले होते. तिथल्या घमापूर भागातल्या एका गोदामात ते ठेवले होते. साहेब प्रमुख, मी तात्पुरता असिस्टंट, फागूलाल चौकीदार.

नमुने म्हणजे खोल समुद्रातले प्राणी. प्रवाळ हा दगड नव्हे, बारीक प्राण्यांनी बांधलेलं घर असतं. उजेड पोहोचत नाही अशा तळालाही ते वाढतं. त्याला धरून लाल तारे राहतात, ताऱ्याच्या आकाराचे, पिसांसारख्या हातांचे प्राणी. सर्वेक्षणाच्या जहाजाने जाळं तळाशी खरडत नेऊन ते वर काढले होते. असा प्राणी सडू नये म्हणून स्पिरिटमध्ये बुडवून ठेवतात.

उन्हाळ्यात बरण्यांमधलं स्पिरिट उतरलं. स्पिरिटवर सरकारी कंट्रोल होता. चोरी म्हणजे तुरुंग.

"फागूलालच काहून, साहेब?"

"बाहेरच्या मांडणीवरच्या बरण्या अर्ध्या झाल्या. त्या त्याच्या हाताशी. आतल्या कपाटाची किल्ली माझ्याजवळ. तिथल्या काठोकाठ भरलेल्या आहेत. आणखी काय पुरावा पाहिजे तुला?"

पुरावा पक्का होता. मला तोच खटकला.

फागूलाल दाराशी बसला होता. घरी चार लेकरं. मी विचारलं तर म्हणाला, "भैया, हम पीते नहीं. और पीते भी, तो जिसमें कीड़ा पड़ा हो वो काहे पीते?"

मी बाहेरची एक बरणी उजेडात धरली. बुचाभोवतीचं मेण उन्हाने वितळून ओघळलं होतं. आतला द्रव गडद लाल झाला होता. या ताऱ्यांचा रंग हळूहळू स्पिरिटमध्ये उतरतो. स्पिरिट उडून जातं, रंग मागे राहतो, म्हणून उरलेलं गडद होतं. कोणी ओतून घेतलं असतं, तर रंग होता तसाच राहिला असता. बाहेरच्या सगळ्या बरण्या गडद होत्या.

मग मी कपाट उघडायला सांगितलं.

"तिथे काय पाहून राहिला तू? त्या भरल्या आहेत."

"तेच पाहायचंय. गोदाम एक, ऊन एक, मेणही तेच. मग याच काहून नाही उतरल्या?"

साहेबांनी किल्ली द्यायला वेळ लावला.

कपाटातल्या बरण्या भरलेल्या होत्या, पण फिक्या गुलाबी. आतले तारे मऊ पडून तुटायला लागले होते. स्पिरिट काढून कोणीतरी पाणी भरलं होतं. मी मागे वळलो. चहा अजून उकळत होता. शहरात घासलेटसाठी रांगा होत्या आणि या स्टोव्हला घासलेटचा वास नव्हता, बरण्यांचा होता.

"चलो, चहा घे," साहेब म्हणाले.

"नको."

अहवालात मी दोनच गोष्टी लिहिल्या. बाहेरचं स्पिरिट उन्हाने उडालं. कपाटातल्या बरण्यांत पाणी आहे आणि कपाटाला किल्ली एकच आहे. साहेबांनी दुसरी खोडायला सांगितली. मी खोडली नाही.

पोलीस आले नाहीत. फागूलालची नोकरी टिकली. माझी 'गरज उरली नाही' म्हणून संपली. ते तारे मात्र गेले. जहाज युद्धावर होतं, पुन्हा आणणार कोण?

तेव्हापासून बरणी भरलेली आहे असं कोणी सांगितलं, की मी आधी तिचा रंग बघतो.