गुणाबाई कोर्टात काय बोलली होती

मासळी बाजारात गुणाबाईच्या ओट्यासमोर उभं राहून वेणूने सगळ्यांदेखत विचारलं, "माझ्या नवऱ्याचा डोला विकून कोलंबी विकतंस का गो?" आणि उत्तराची वाट न बघता ती निघून गेली.

करंजाड्याची एक बाई निवडून ठेवलेले बोंबील तसेच सोडून शेजारच्या ओट्यावर गेली. गुणाबाईने कोयता ओट्यावर आपटला.

वेणू तिची शेजारीण. पनवेलच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात दोघींच्या घरांची एक भिंत सामायिक. वेणूच्या बाळंतपणात गुणाबाईने तिला न्हाऊ घातलेलं.

वेणूचा नवरा दिनानाथ खाडीत जाळी लावायचा. चार वर्षांपूर्वी आठवडाभर त्याच्या जाळ्यात मेलेलीच मासळी येत होती. एके सकाळी त्याला कारण दिसलं. बांधावर कारखान्याच्या सांडपाण्याचा टँकर उभा होता आणि त्याचा पाइप सरळ खाडीत सोडलेला. दिनानाथने जाऊन पाइप ओढला. टँकरचा मालक विश्वजीत केबिनमधून उतरला आणि त्याने हातातला लोखंडी पाना दिनानाथच्या तोंडावर मारला. उजवा डोळा जागीच गेला. ओहोटी होती, गुणाबाई जवळच चिखलात खुबे वेचत होती. ऊन चांगलं वर आलेलं. तिने सगळं पाहिलं, आरडाओरडा केला, दिनानाथचं डोकं मांडीवर घेतलं. तिच्याशिवाय दुसरा साक्षीदार नव्हता.

कोर्टात केस उभी राहिली तेव्हा तिने विश्वजीतकडे बोट दाखवून साक्ष दिली. घरी येऊन वेणूला म्हणाली, "सांगितला बघ सगला." मग निकाल लागला. विश्वजीत निर्दोष. कोर्टाच्या आवारात त्याचा एक माणूस दिनानाथला हसत म्हणाला, "आम्हाला सोडवलं कोणी? तुझ्याच शेजारणीने."

नेमका त्याच महिन्यात गुणाबाईला नव्या मासळी बाजारात ओटा मिळाला होता. सोडतीत मिळाला होता, पण ते कोण ऐकतं? गुणाबाई फितूर झाली, हे कोळीवाड्यात पक्कं झालं. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. नळावर ती गेली की बायका हंडे उचलून निघायच्या.

तिचा मुलगा भावेश बंदरात कामाला होता. तो म्हणाला, "आये, गप ऱ्हा. लोक इसरतीन."

"मी इसरनार नाय," गुणाबाई ओरडली. "मी कोर्टात काय बोलले ता मना लिवलेला पायजे. त्यांच्या तोंडावर मारते."

ती आधी पोलीस ठाण्यात गेली. तिथे तिने घटनेनंतर जबाब दिला होता. टेबलावरच्या हवालदाराने मोबाइलवरून नजर न काढता सांगितलं, "केस संपली मावशी. कागद कोर्टात गेले. एफआयआर हवा असेल तर वेबसाइटवर बघा."

"एफायार दिनानाथचा. मना माझा जबाब पायजे."

"मग कोर्टात जा."

ती कोर्टात गेली. नक्कल विभागाच्या खिडकीवर बराच वेळ उभी राहिल्यावर कारकुनाने विचारलं, "केस नंबर?"

"नंबर ठाव नाय. दिनानाथची केस. डोल्याची."

"तुम्ही आरोपी की फिर्यादी?"

"साक्षीदार."

"मग तुम्ही केसमध्ये पक्षकार नाही. तिऱ्हाईत आहात. तिऱ्हाइताला अशी नक्कल देत नाहीत."

गुणाबाईने खिडकीच्या गजांना धरलं. "तिराईत? शपथ मना घातली. तीनदा कामधंदा बुडवून मना बोलावला. तवा कोन बोल्ला नाय तिराईत म्हनून! बोलले मी, आनि माझा बोलना मनाच मिलनार नाय?"

पॅसेजमधले वकील, पक्षकार, चहावाला, सगळे वळून बघायला लागले. कारकून चिडला नाही. नियम आहे, एवढंच म्हणाला. बाकावर फाइल चाळत बसलेली अरुंधती नावाची तरुण वकील उठून आली आणि तिने गुणाबाईला बाजूला बसवलं.

"मावशी, त्यांचं चुकत नाही. पण वाट बंदही नाही. तिऱ्हाइताने कारण सांगायचं, प्रतिज्ञापत्र जोडायचं आणि न्यायाधीशांची परवानगी मागायची. परवानगी मिळाली की नक्कल द्यावीच लागते."

तिने मोबाइलवर कोर्टाची साइट उघडली, विश्वजीतचं नाव टाकलं आणि केस नंबर काढून दिला. अर्ज लिहिला, कोर्ट फीचा स्टॅम्प लावायला सांगितला. साक्ष, पोलीस जबाब आणि निकालपत्र, तिन्ही कागदांच्या प्रमाणित नकला मागितल्या. "कारण काय लिहू?"

"लिव, मना फितूर बोलतान म्हनून."

अरुंधतीने ते जरा सभ्य भाषेत लिहिलं. अर्ज पुढे आला तेव्हा न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "स्वतःची साक्ष कशाला हवी आहे तुम्हाला?"

"साहेब, मी काय बोलले ता मना ठाव हाय," गुणाबाई म्हणाली. "तुमी काय लिवला ता बघायचा हाय."

अरुंधतीने डोळे मिटून घेतले. न्यायाधीशांनी सही केली.

जुने कागद अभिलेख कक्षातून शोधून यायचे होते, त्यात बरेच दिवस गेले. नकला हातात पडल्यावर अरुंधतीने तिथेच आवारात वाचून दाखवल्या. सरकारी वकिलांच्या प्रश्नांना गुणाबाईची उत्तरं जशीच्या तशी होती: ऊन होतं, पाना होता, मारणारा तोच. पुढे उलटतपास. आरोपीच्या वकिलाने तिच्या पोलीस जबाबातलं वाक्य तिला दाखवलं होतं: 'अंधार असल्याने मारणाऱ्याचा चेहरा मला दिसला नाही.' त्याखाली तिचं उत्तर: 'हे खरे नाही. पोलिसांनी माझ्या जबाबात असे का लिहिले याचे कारण मला सांगता येणार नाही.'

आणि निकालात? साक्ष आणि जबाब यांत विसंगती, दिनानाथच्या शब्दाला दुसरा आधार नाही, म्हणून आरोपीला संशयाचा फायदा.

"अंधार?" गुणाबाईचा आवाज चिरकला. "उनानं पाठ भाजत व्हती माझी! मी असा बोललेच नाय! कोर्टात मना वाटला, तो वकीलच मनचा बोलतंय! सही तरी हाय का माझी त्याच्यावर?"

"पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेतच नाहीत, मावशी. कायदाच तसा आहे."

"म्हंजे त्यानं काय पन लिवावा, आनि नाव माझा?"

अरुंधतीने नकलांची घडी घालून तिच्या हातात दिली.

गुणाबाई घरी गेली ती थेट वेणूच्या दारात. भावेशला हाताला धरून सोबत ओढलेलं. "वाच," ती म्हणाली. "जोरात वाच. भायेर ऐकू गेला पायजे."

भावेशने वाचलं. सुरुवातीला पुटपुटत, मग त्याचा आवाज चढत गेला. 'हे खरे नाही' या ओळीपाशी तो थांबला आणि त्याने ती पुन्हा वाचली. दिनानाथ भिंतीला टेकून ऐकत होता. दारात माणसं जमली होती. सकाळी नळावरून उठून गेलेल्या बायकाही त्यांत होत्या.

वेणू रडली नाही. "मग बाजारात बोललीस का नाय गो मना?" ती उलट गुणाबाईवरच भडकली.

"तू थांबलीस?"

दोघी बराच वेळ भांडल्या. माफी कोणीच मागितली नाही. अखेर दिनानाथ म्हणाला, "बास करा. त्या वकीलबायला इचारा, आता पुढं काय."

पुढे वाट होती. जखमी माणसाला निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात स्वतः अपील करता येतं, हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मुदत टळून गेली होती, म्हणून अरुंधतीने उशीर माफ करण्याचा अर्ज जोडला. अपील दाखल झालं, विश्वजीतला नोटीस गेली.

जबाब लिहिणाऱ्या अंमलदाराविरुद्ध गुणाबाईने वेगळी तक्रार दिली. बरेच दिवस काहीच हाललं नाही. मग तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला: माझ्या तक्रारीवर आजवर काय केलं, त्या कागदांच्या प्रती द्या. महिना उलटूनही उत्तर आलं नाही, तेव्हा तिने त्याच कायद्याखाली पहिलं अपील केलं. सुनावणीत वरिष्ठ अधिकाऱ्याने प्रती द्यायचा आदेश दिला. हाती एकच कागद आला: संबंधित अंमलदार सेवानिवृत्त, चौकशी प्रलंबित. गुणाबाईने तो तिथल्या तिथे भिरकावला. सोबत आलेल्या वेणूने उचलून घडी घातली.

पण त्या कागदाने एक झालं. चौकशीसाठी गुणाबाईला नव्याने जबाब द्यायला बोलावलं गेलं. निकेश नावाचा नवा अधिकारी होता, कॉम्प्युटरवर भराभर टाइप करत होता. संपल्यावर म्हणाला, "झालं, या तुम्ही."

"वाचून दाखवा."

"बरोबरच लिहिलंय, आजी."

"पयल्यानं पन बरोबरच लिवला व्हता." ती खुर्चीत आणखी मागे सरकून बसली. "वाचा."

त्याने वाचलं. एका ठिकाणी 'सकाळी' असं होतं. गुणाबाईने त्याला थांबवलं. "सकाली नाय. उनात. ऊन लिवा."

त्याने ऊन लिहिलं.

"आता परत वाचा. पयल्यापासून."