आता हूँ, चाचा

घरातून निघताना चुकून ‘जातो’ म्हटलं की आई उंबऱ्यातून परत बोलवायची. ‘येतो’ म्हण आधी! ती सवय इतकी अंगवळणी पडली की शारजात हिंदी बोलतानाही सुटली नाही. माझं हिंदी म्हणजे तसंही दिव्यच.

नव्वदच्या दशकातला एक हिवाळा. ऑफिसातला वसईचा मित्र आणि मी, दोन बाईकवर तंबू बांधून रास अल खैमाच्या डोंगरात निघालो. वर जायला डांबर नव्हतंच. वादीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून, नुसता खडीचा रस्ता. वादीच्या तोंडाशी एक खडी क्रशर होता. तिथल्या म्हाताऱ्या पठाण वॉचमननं चहा पाजला आणि आभाळाकडे बोट दाखवलं.

“बारिश आएगा. पानी आया तो रास्ता खलास. मत जाओ.”

“यल्ला, चल रे, उशीर होतोय,” मित्र म्हणाला. मी किक मारली आणि सवयीनं बोलून गेलो, “अच्छा चाचा, आता हूँ.”

संध्याकाळी पाऊस कोसळला. आम्ही उंचावर होतो, तंबू गळला एवढंच. सकाळी पलीकडच्या उतारानं समुद्राकडच्या दिब्ब्याला उतरलो आणि परस्पर घरी. चाचाची आठवणसुद्धा झाली नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

महिन्याभरानं एकटाच परत त्या बाजूला गेलो. चाचा खोलीत खाटेवर, पाय प्लास्टरमध्ये.

“जिंदा है!” तो ओरडलाच. “तुम बोला था आता हूँ! हम शाम को मगरिब का नमाज तक रास्ता देखा!”

पाणी चढायला लागलं तसा तो टॉर्च घेऊन आम्हाला शोधायला पात्रात उतरला होता. दगडावरून घसरला, पाय मोडला. लंगडा वॉचमन मालकाला कशाला हवा? व्हिसा रद्द. चार दिवसांनी पेशावरचं विमान, कायमचं.

मी घाईघाईनं समजावायला लागलो, की आमच्यात ‘जातो’ म्हणणं अशुभ, म्हणून जातानाही ‘येतो’ म्हणतात. बोलता बोलता माझाच मला संताप आला. माणसाचा पाय मोडला, पोटावर पाय आला, आणि हा शहाणा त्याला रीतभात शिकवतोय! मालकाला भेटून बघतो म्हटलं, तर चाचानं नुसता हात हलवला. “खलास, बेटा.”

उठलो. दारात वळलो. मग आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून म्हणालो, “जाता हूँ, चाचा.”

“ना, ना! तुम्हारे घर में बुरा है ना? आता हूँ बोलो.” त्यानं प्लास्टरवरून हात फिरवला. “अब हम रास्ता नहीं देखेगा.”