जुन्या पिनचा चार्जर

ती घटना माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. नोकरीत मी अट्टल दरोडेखोर नुसत्या खाकरण्यानं शरण आणले, पण मला खरा घाम फोडला तो एका काळ्या सॅकनं.

सकाळी दहाच्या सुमारास पिशोर गावची एक मुलगी मावशीला घेऊन आमच्या पोलीस ठाण्यात आली. नर्सच्या भरतीत तिची निवड झाली होती. कागदपत्रांची पडताळणी त्याच दिवशी पाचपर्यंत. नाही गेली तर नाव यादीतून बाद. एसटीतून उतरून ती शेअर रिक्षानं मुकुंदवाडीला मावशीकडं आली, सीटमागची काळी सॅक आपलीच समजून उचलली, घरी उघडली तर आत दुसऱ्याचाच संसार.

"मोबाईलमध्ये फोटो असतील की कागदांचे," मी म्हणालो.

"हायेत साहेब. पण तिथं मूळ कागद लागतेत."

ठाणे अंमलदारानं स्टेशन डायरीत नोंद घेतली. मी टेबलावर सॅक रिकामी केली. जेवणाचा डबा, मोज्यांचा जोड, कंगवा, पित्ताच्या गोळ्या, रबर लावून गुंडाळलेला चार्जर. नाव-पत्ता कुठंच नाही. हल्ली माणसाचं ओळखपत्र, तिकीट, पाकीट सगळं मोबाईलमध्ये जातं; सॅकमध्ये उरतात डबा आणि मोजे. तेवढ्यावर मी पाच मिनिटांत सॅक बदलणारी आंतरराज्य टोळी उभी केली. मोजे म्हणजे पावलांचा आवाज होऊ न देणारा इसम. पित्ताच्या गोळ्या म्हणजे म्होरक्याला गुन्ह्याचं टेन्शन.

अर्ध्या तासात रिक्षावाला हजर केला. पन्नाशीचा, शांत माणूस.

"साहेब, माझं जरा ऐका..."

"मी विचारीन तेवढंच बोल. टोळीत किती जण?"

"टोळी कशाची साहेब, रिक्षात सहा बसतेत."

"सहा?"

"तीनच बसवतो, साहेब."

माझ्या चौकशीत भिंतीसुद्धा कबुली देत असत. हा गडी दोन तास तीनावरून हलला नाही. मुलगी बाकावर बसून घड्याळ बघत होती.

तेवढ्यात आमच्या हवालदारबाईंनी तो चार्जर उचलला. "साहेब, ही जुनी पिन हाय. आता कोण वापरतंय? दुपारपोत्तर ह्याचा मोबाईल मरणार, अन् ह्यो चार्जर हुडकत फिरणार."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या रिक्षाच्या वाटेवर, मुकुंदवाडीपासून चिकलठाण्यापर्यंत, मोबाईलचं एकेक दुकान विचारत निघाल्या. एका कंपनीच्या गेटाजवळच्या दुकानात एक कामगार मोबाईल चार्जिंगला लावून बसला होता. मांडीवर मुलीची सॅक. जेवणाच्या सुट्टीत डबा काढायला गेला, तेव्हा त्याला बदल कळला. आतल्या फायलीवर मुलीचा नंबर होता, पण मोबाईल बंद पडलेला. तो चालू व्हायची वाट बघत बिचारा उपाशी बसला होता.

तीन वाजता सॅक ठाण्यात आली. मुलीनं कागद दोनदा तपासले, मग रिक्षावाल्याकडं वळली. "मामा, माझ्यामुळं तुमचा दिवस गेला."

"मामा म्हणलीस ना, मग बस रिक्षात. येळंत सोडतो."

त्यांना जाताना बघून मी उगाच रुबाबात विचारलं, "सकाळी काय सांगायचं होतं रे तुला?"

"ह्येच साहेब. त्यो पॅशिंजर रोजचा हाय. कंपनीच्या गेटावर उतरतो. सकाळीच नेलं असतं तुमाला."

पाचाला वीस मिनिटं असताना मुलगी पोचली. तिचा फोन आला तेव्हा मी काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

लोकांना बोलतं करण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता, असं मी सांगत फिरत असे. त्या दिवशी समजलं, बोलायला आलेल्या माणसाला गप्प बसवणं मला जास्त चांगलं जमत होतं. त्यानंतर निवृत्तीपर्यंत चौकशीला कुणीही समोर आला की मी आधी खुर्ची द्यायचो आणि म्हणायचो, "तुला काय सांगायचंय ते सांग." अर्धे गुन्हे तिथंच उलगडले. उरलेले अर्धे हवालदारबाईंनी उलगडले. कागदोपत्री नाव माझं आहे.