बायकोचं इंग्रजी

मी चिंचवडच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. त्या काळी इंग्रजी आठवीपासून सुरू व्हायचं. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलांना वाटे, ज्याची जीभ पातळ त्यालाच ही भाषा येते. मला वाटे, आधी व्याकरण पक्कं करावं, मगच तोंड उघडावं. चुकीचं वाक्य एकदा तोंडातून गेलं की जिभेला कायमचं चिकटतं, असं माझ्या मास्तरांनी मला बजावलं होतं आणि मी ते वर्गात रोज बजावत असे. माझी मुलं मॅट्रिकला इंग्रजीत पास होत, पण इंग्रजीत कुणी बोलत नसे. मीही बोलत नव्हतो. बोलायला होतं कोण?

मग पिंपरीच्या नव्या कारखान्यात परदेशातून एक साहेब आले. त्यांच्या मडमेला कामवालीशी, भाजीवालीशी बोलण्यापुरतं मराठी शिकायचं होतं. हेडमास्तरांनी मला विचारलं. मी कोटाला इस्त्री करून घेतली. साहेब उशिरापर्यंत कामावर असत, तेव्हा एकट्या बाईकडे एकट्यानं जाणं बरं दिसणार नाही, बायकोला सोबत न्या, असंही हेडमास्तर म्हणाले.

बायको कुरुळीच्या शेतकऱ्याची मुलगी. मराठी सातवी झालेली. इंग्रजी तिला बाजारातल्या पाट्यांपुरतं ठाऊक.

पहिल्या दिवशी मडमेनं मला काहीतरी विचारलं. मी उत्तर आधी मराठीत जुळवलं, मग भाषांतर केलं, मग काळ तपासला. तोवर ती चहा आणायला आत गेली होती. परत आल्यावर तिनं बायकोला माहेराबद्दल विचारलं असावं, कारण बायको हातानं लांबचा रस्ता दाखवत म्हणाली, “माय फादर, फार्म. ओनियन. मेनी मेनी ओनियन.” मडम खुर्चीतून पुढे सरकली. त्यानंतर त्या दोघींचं जे सुरू झालं ते तासभर थांबलं नाही. मी मध्ये दोन शुद्ध वाक्यं बोललो. दोन्ही वेळा मडम हसून “येस” म्हणाली आणि पुन्हा बायकोकडे वळली.

घरी येताना मी बायकोला सांगितलं, ‘शी गो’ नाही, ‘शी गोज’. ती बरं म्हणाली. पुढच्या खेपेला ती ‘गोज’च म्हणाली, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मी हे शिकायला दोन वर्षं छड्या खाल्ल्या होत्या.

एक समाधान मात्र मी मिळवलं होतं. मडम ‘जॅम’ला ‘यॅम’ म्हणायची. हाच अस्सल उच्चार, असं मी नववीच्या वर्गाला सांगितलं. मुलं आठवडाभर यॅम यॅम करत होती.

दोनेक महिन्यांनी मी बाराही काळांचा तक्ता लिहून बायकोपुढे ठेवला.

“हे पाठ होईपर्यंत तिथं तोंड उघडायचं नाही,” मी म्हणालो. “इंग्रजी शिकवणं ही माझी नोकरी आहे. माझी बायको असं मोडकंतोडकं बोलते हे चारचौघांत गेलं तर?”

तिनं तक्ता पाहिला, घडी करून फडताळात ठेवला आणि यायचंच बंद केलं. मडमेला मी सांगितलं, “शी इज सिक.” चार वेळा एकटा गेलो, घराचं दार सताड उघडं ठेवून बसलो. शिकवणी लवकर आटपायची. चौथ्या वेळी निघताना मडम भरभर काहीतरी बोलली. मला कळलं नाही. मी “येस, येस” म्हणालो.

रविवारी सकाळी मडम आमच्या दारात उभी राहिली. हातात कसल्याशा रश्शाचा डबा आणि मोसंबी. बायको अंगणात गहू पाखडत होती.

“यू सिक?” मडमेनं विचारलं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मग सूप खाली ठेवून म्हणाली, “येस्टर्डे सिक. टुडे गुड.”

मी सुटलो, पण आभार मानावेसे वाटले नाहीत. खोटंसुद्धा तिला इंग्रजीत बोलता येत होतं.

मडम दुपारपर्यंत बसली. ती गेल्यावर मी बायकोला म्हणालो, निदान तिचे उच्चार तरी नीट उचल, तो ‘यॅम’ बघ कसा शुद्ध आहे.

“अहो, त्यांची भाषा इंग्रजी न्हाईच,” बायको म्हणाली. “त्यांचा मुलूख निराळा हाय. तिकडं आपल्यावाणी ‘ज’ न्हाई, म्हणून ‘य’ येतो. इंग्रजी त्याबी शिकल्यात आपल्यागत. पयल्याच महिन्यात सांगितलं त्यांनी.”

“मग मला का नाही बोललीस?”

“तुमी तिथंच बसला हुता की. मला वाटलं, कळलं आसंल.”

ती चिडली किंवा घाईत असली की माहेरच्या बोलीत बोलायची. त्या दिवशी चिडली होती की नाही, मला आजही सांगता येणार नाही. नववीच्या वर्गाला मी ‘यॅम’बद्दल पुन्हा काही बोललो नाही. त्यातली काही मुलं जन्मभर तसंच म्हणत असतील.

पुढे मॅट्रिकच्या जादा तासांची सबब सांगून मी शिकवणी सोडली. बायको बुधवारी दुपारी पिंपरीला जाई, मडमेला मराठी तीच शिकवी आणि येताना इंग्रजी लिहायला शिकून येई. तिला कुणी अडवलं नाही, मीही नाही. अडवायला कारण सापडलं नाही. साहेबांचं काम संपून ती दोघं परतली, त्यानंतर बायकोच्या नावानं पत्रं येऊ लागली. पत्ता इंग्रजीत, म्हणून पोस्टमन ती शाळेत माझ्या हातात देई. पहिलं पत्र मी तीन दिवस कोटाच्या खिशात ठेवलं. उघडलं नाही, पण दिलंही नाही. चौथ्या दिवशी दिलं आणि आजच आलं म्हणालो. तारखेचा शिक्का तिनं वाचला असणार.

उत्तरं ती स्वयंपाकघरात बसून लिही आणि पाकीट स्वतःच चिकटवी. एकदा मी म्हणालो, पाहू का जरा, काही चुका असतील.

“असतील की,” ती म्हणाली, आणि तिकीट लावलं.